पिवळी ज्योत

पुनरुत्थान सणानंतरच्या आठवड्यांत आम्ही धर्मग्रामातील घरांना आशीर्वाद देण्यासाठी हिंडतो, तेव्हा बहुतेक घरांत आमची वाट दिवाणखान्यापर्यंतच आखून ठेवलेली असते. टेबलावर शुभ्र कापड, त्यावर क्रूस, दोन मेणबत्त्या, पवित्र पाण्याची वाटी आणि पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारावर ओढलेला पडदा. पूर्वी आम्हीही तो पडदा तसाच राहू देत असू. दारातूनच चार थेंब आत शिंपडले की आपले काम झाले, असे आम्हाला वाटे. आता आम्ही आत जातो, ओट्यापाशी उभे राहतो आणि घरातील माउलीला विनंती करतो, "बाई, शेगडी जरा पेटवून दाखवता का?" प्रथम सर्वांना हसू येते. एका आजीबाईंनी तर सुनेला विचारले, "फादर आता ग्यासची तपासणीबी करायला लागले का गं?" ज्योत निळी असली की आम्ही पाणी शिंपडून बाहेर येतो. पिवळी असली की थोडे थांबतो.

ही सवय आम्हाला कशी जडली, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. त्यात आमच्या हुशारीचा भाग कोठेही नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

आमच्या धर्मगुरुनिवासात एक मावशी स्वयंपाक करतात. सकाळची मिस्सा संपते तोवर त्या येतात, दुपारची भांडी आवरून आणि रात्रीचे झाकून ठेवून चारच्या सुमारास घरी जातात. घरी विधवा सून आणि एक शाळकरी नातू. अकरा वर्षे त्यांनी आम्हाला आणि आमच्या आधीच्या धर्मगुरूंना जेवू घातले. बाजरीची भाकरी त्यांच्या हाताखालून अशी फुगून निघते की, परगावचे फादर जेवणाची वेळ साधून काम काढतात.

२०२४ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. गोदावरीला पाणी चढण्याचे दिवस. हवेत इतका ओलावा की, काडेपेटीतील काड्यांची डोकी घासताच गळून पडत. एके सकाळी दूध उतू गेले आणि त्यानंतर शेगडीचा मोठा बर्नर मंद झाला. मावशी म्हणाल्या, "फादर, मेकॅनिकला बोलावून घ्या." आम्ही म्हणालो, "एवढ्याशा कामाला मेकॅनिक कशाला?"

ह्या उत्तरामागे आमचे सारे बालपण उभे होते. आमच्या घरी पितळी टाकीचा, पंप मारावयाचा स्टोव्ह होता. स्वीडनमधील लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने १८९२ साली तयार केलेला हा प्राइमस महाराष्ट्रातील घराघरांत नांदला. रेशनच्या दुकानातून निळसर रॉकेल आणावे, वाटीत काकडा पेटवून नळी तापवावी, पंप मारावा आणि 'सों सों' आवाजाने सारे घर भरून जावे. त्याचे तोंड तुंबले की पिन मारावयाची. पत्र्याच्या बारीक पट्टीला टोकाशी केसासारखी तार बसविलेली ती पिन खिळ्याला टांगलेली असे आणि आमच्या घरातील पिन मारण्याचा मान आमच्याकडे होता. हाताला चटका न बसता, ज्योत न विझता पिन मारण्यात आमचा हात कोणी धरीत नसे. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो, तरी हा बालपणीचा अहंकार जागच्या जागी राहिला होता.

पिन आता कोणाच्या घरी सापडणार? आम्ही मावशींना म्हणालो, "एखादी सुई द्या." त्यांनी आपल्या पिशवीतून गोधडी शिवावयाची सुई काढून दिली. आम्ही बर्नर उचलला, खालच्या पितळी जेटच्या भोकात सुई घातली, जोर करून फिरवली आणि शेगडी पेटवली. ज्योत वीतभर उसळली. "बघा!" असे आम्ही म्हणालो. मावशी म्हणाल्या, "मोठी झाली, पण पिवळी झाली, फादर." आम्ही म्हणालो, "पेटली ना? झाले तर मग." आणि प्रार्थनेची वेळ झाल्यामुळे तेथून निघून गेलो.

त्यानंतर मावशींनी दोनदा तक्रार केली. पातेल्यांची बुडे काळी होतात, तारेच्या घासणीनेही काजळी निघत नाही, भाताला वेळ लागतो. दोन्ही वेळा आमच्यापुढे काही ना काही महत्त्वाचे काम होते. एकदा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांची यादी होती. दुसऱ्या वेळी काय होते, ते आता आठवत नाही. म्हणजे फारसे महत्त्वाचे नसावे.

येथे थोडे विषयांतर करून ज्योत पिवळी का होते, हे सांगावयास हवे. १८५५ च्या सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात रॉबर्ट बन्सन ह्यांच्या प्रयोगशाळेत जो बर्नर तयार झाला, त्याचीच आपली घरगुती शेगडी ही नात. जेटच्या बारीक भोकातून वायू वेगाने सुटतो. त्या वेगामुळेच बाजूच्या झडपेतून हवा आत ओढली जाते. पुढच्या नळीत दोहोंचे मिश्रण होते आणि ते बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येऊन पेटते. हवा पुरेशी मिळाली की वायू पूर्णपणे जळतो आणि ज्योत निळी दिसते. हवा कमी पडली की कार्बनचे सूक्ष्म कण अर्धवट जळून तापतात व चकाकतात. तोच पिवळा रंग. पातेल्याच्या थंड बुडाला टेकले की हेच कण काजळी होऊन बसतात. मेणबत्तीचा पिवळा प्रकाशही ह्या तापलेल्या कणांचाच. मायकेल फॅरडे ह्यांनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर केवळ मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली होती, तीत ही गोष्ट समजावून सांगितली आहे. वेदीवर प्रकाश हवा असतो, म्हणून तेथे पिवळी ज्योत शोभते. ओट्यावर उष्णता हवी असते. तेथे पिवळी ज्योत दिसली की काही तरी बिघडले आहे, असे समजावे. आम्ही रोज पहाटे वेदीवर दोन पिवळ्या ज्योती पाहत होतो आणि त्यानंतर न्याहारीला बसत होतो. फरक आमच्या ध्यानात आला नाही.

आता मूळ कथेकडे वळतो. आमच्याकडे दोन धर्मगुरू आणि अधूनमधून येणारे पाहुणे मिळून १४.२ किलोचा एक सिलिंडर साधारण छत्तीस-सदतीस दिवस पुरत असे. ऑगस्टमध्ये तो एकोणतीस दिवसांत संपला. सप्टेंबरमध्ये सत्तावीस. ऑक्टोबरच्या बैठकीत हिशेब वाचताना धर्मग्रामाच्या अर्थसमितीतील एका सदस्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हटले, "फादर, स्वयंपाकघरात जरा लक्ष असू द्या. बाईंच्या घरी माणसे किती?" दुसरे एक सदस्य हसले. तिसऱ्यांनी विषय बदलला. इतिवृत्तात ह्यातील एक अक्षरही उतरले नाही.

आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. "मावशींना आम्ही अकरा वर्षे ओळखतो," एवढे एक वाक्य आम्हाला बोलता आले असते. ते बोललो नाही आणि घरी आल्यावर त्या सदस्यांचा प्रश्न आमच्या मनात पेटून राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही नवीन सिलिंडरवर खडूने तारीख लिहिली. सकाळी अकरा वाजता, जेव्हा आम्ही सहसा कार्यालयात असतो तेव्हा, पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकावू लागलो. मावशींची कापडी पिशवी किती भरलेली आहे, हेही, सांगावयास लाज वाटते, एक-दोनदा पाहिले.

घरकाम करणाऱ्या माणसाला हे समजत नाही, असे मालकाला वाटते. मावशींना दोन दिवसांत समजले. नोव्हेंबरच्या एका दुपारी जाण्यापूर्वी त्या कार्यालयाच्या दारात आल्या, पिशवीतून आपला डबा काढला, झाकण उघडून आमच्या टेबलावर ठेवला. डबा घासून पुसून रिकामा होता. "बघून घ्या, फादर," एवढेच म्हणाल्या. आम्ही म्हणालो, "अहो मावशी, हे काय?" त्यांनी झाकण लावले आणि त्या निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात स्वतःसाठी चहा टाकणे बंद केले. अकरा वर्षे दुपारी तीन वाजता त्या अर्धा कप चहा घेत. आता तीन वाजता तेथे शेगडी बंद असे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात २४७७ व्या परिच्छेदात अविचारी निवाड्याचे पाप सांगितले आहे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याच्या ठायी नैतिक दोष आहे असे मनातल्या मनात जरी मानले, तरी ते पाप होते. हा परिच्छेद आम्ही दृढीकरणाच्या वर्गात कित्येक वर्षे शिकवत आलो आहोत. फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

डिसेंबरात थंडी वाढली. निफाडच्या बाजूला पारा उतरू लागला की नाशिकच्या स्वयंपाकघरांत एक नवीनच तक्रार सुरू होते, ती म्हणजे सिलिंडर पुरता संपण्यापूर्वीच ज्योत मलूल होते. आमच्याकडेही तसे झाले आणि नाताळच्या तोंडावर पाहुण्यांचा राबता असल्यामुळे आम्ही अखेर मेकॅनिकला बोलावले. सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला, पंचविशीतील, फारसे न बोलणारा मुलगा. सेमिनरीत ॲरिस्टॉटलच्या चार कारणांवर आम्ही एक संपूर्ण सत्र घालवले होते. ह्या मुलाने निमित्तकारण शोधण्यास पाऊण तास घेतला, आणि तोही शेगडी अगोदर स्वच्छ करावी लागली म्हणून.

त्याची कामाची रीत मोठी पाहण्यासारखी होती. हात लावण्यापूर्वी त्याने सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली आणि देवघरातील समई विझवण्यास सांगितले. आमच्याकडे समई नाही, पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे दिवा आहे. तो आम्ही विझवला. मग वाटीत साबणाचा फेस करून रेग्युलेटरच्या भोवती, नळीच्या दोन्ही टोकांना आणि चाव्यांच्या मुळाशी लावला. शेगडीकडील टोकाला बारीक बुडबुडे आले. नारिंगी सुरक्षा-नळीवर छापलेली मुदत त्याने आम्हाला वाचावयास लावली. ही नळी पाच वर्षांनी बदलावयाची असते. आमच्या नळीचे सहावे वर्ष सरत आले होते. "काडी लावून गळती बघणारे लोक अजून आहेत, फादर," तो म्हणाला. ह्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता, चालू दिवा बंदही न करता, दारे-खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर जाऊन १९०६ ह्या क्रमांकावर कळवावे. सिलिंडरच्या तोंडातील रबरी वॉशरही त्याने पाहिला. नवीन सिलिंडर घेताना तो वॉशर नसेल किंवा कडक झाला असेल, तर सिलिंडर परत करावा. सिलिंडरच्या मानेशी असलेल्या पट्टीवर एक अक्षर व एक आकडा असतो, तोही त्याने दाखवला. 'ए' म्हणजे वर्षाचे पहिले तीन महिने, 'बी' म्हणजे पुढचे तीन, अशा क्रमाने 'डी' पर्यंत, आकडा वर्षाचा. त्या मुदतीपूर्वी सिलिंडरची फेरतपासणी व्हावी लागते. इतकी वर्षे ती अक्षरे आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही ती कारखान्याची खूण समजत होतो.

थंडीतील मलूल ज्योतीचे कारण सोपे निघाले. सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन द्रवरूपात असतात. प्रोपेन शून्याखाली बेचाळीस अंशांनाही उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपास उकळतो. प्रोपेन अगोदर उडून जातो आणि सिलिंडर संपत आला की मागे ब्युटेनचे प्रमाण वाढते. थंडीत त्याचा दाब पुरेसा होत नाही. ह्यावर उपाय म्हणून कोणी सिलिंडर आडवा करतात, कोणी गदगदा हलवतात, कोणी त्यावर उकळते पाणी ओततात. आमच्या सहायक धर्मगुरूंनी तो आडवा केलेला आम्ही स्वतः पाहिला आहे. आडव्या सिलिंडरातून द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो आणि मग शेगडीवर जो भडका उडेल, त्याला आवरणारा कोणी नाही. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीच्या पातळीखाली ठेवावा. उन्हे वर आली की तो आपोआप मार्गावर येतो.

मग त्याने बर्नर काढले. छिद्रांत डाळीचा व दुधाचा कीट बसला होता. तो त्याने कोमट साबणपाण्यात भिजवून दातांच्या जुन्या ब्रशाने काढला आणि बर्नर उन्हात पुरते वाळवले. ओला बर्नर बसवला की ज्योत फडफडते, मागे सरते. लहान बर्नर पेटवताना 'फट्' असा आवाज येऊन ज्योत आत शिरत असे, त्याचे कारण वरची टोपी खाचेत नीट न बसणे, एवढेच होते. अशा वेळी चावी बंद करून, बर्नर निवल्यावर टोपी सरळ करून पुन्हा पेटवावा. मिश्रणाच्या नळीतून त्याने कोळ्याचे जाळेही काढले. कोळ्याला तेथे काय मिळते, कोण जाणे! पण बंद घरातील शेगडी पिवळी जळू लागण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे म्हणे. कडक झालेल्या चावीला आम्ही खोबरेल लावले होते. ते पुसून त्याने त्या कामासाठीच मिळणारे ग्रीज लावले.

एवढे सारे झाल्यावरही मोठा बर्नर पिवळाच जळत होता. हवेची झडप फिरवून पाहिली, तरी पिवळाच. तेव्हा त्याने पान्याने जेट काढला, खिडकीपाशी नेला, डोळ्याशी धरला आणि विचारले, "फादर, ह्याच्यात कुणी सुई घातली होती का?"

मावशी मोरीपाशी भांडी विसळीत होत्या. त्यांनी नळ बंद केला. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

"आम्हीच घातली होती," आम्ही म्हणालो.

त्याने समजावून सांगितले ते असे. पितळ मऊ, सुई पोलादाची आणि टोकाकडून जाड होत जाणारी. जेटचे भोक मिलिमीटरहूनही लहान असते आणि ते यंत्रावर मोजून पाडलेले असते. स्टोव्हची पिन मुद्दाम भोकाहून बारीक केलेली असे, म्हणून ती भोकाला न दुखवता मळ काढी. सुईने भोकच रुंदावले. मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. भोकाचा व्यास नुसता एक अष्टमांशाने वाढला, तरी क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्याहून अधिक वाढते आणि त्याच प्रमाणात वायूही अधिक सुटतो. हवा मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणजे गॅस जास्त, तो अर्धवट जळलेला, त्यात पातेल्याच्या बुडाला काजळीचे अस्तर. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीने वायूतील किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यावी लागते. आमची शेगडी किती देत होती, हे पातेल्यांनीच सांगितले असते. छत्तीस दिवसांचे सत्तावीस कसे झाले, ह्याचे उत्तर जुलैपासून ओट्यावर पिवळे होऊन जळत होते. मावशींनी ते आम्हाला तीनदा सांगितले होते.

नवा जेट अगदी किरकोळ किमतीला आला. तो बसवल्यावर ज्योत आखूड, निळी झाली. प्रत्येक छिद्राशी गडद निळा शंकू उभा राहिला. मुलगा पैसे घेऊन निघून गेला.

आम्ही स्वयंपाकघरातच उभे राहिलो. काय बोलावे, ते सुचेना. प्रवचनाला कधी शब्द कमी पडले नाहीत. शेवटी म्हणालो, "मावशी, आमची चूक झाली. गॅस आम्ही जाळला आणि संशय तुमच्यावर घेतला."

मावशींनी हात पुसले. "संशय तुम्ही बोलून नाही दाखवला, फादर," त्या म्हणाल्या. "बोलला असता, तर मी उत्तर तरी दिलं असतं."

ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. त्या पुढे म्हणाल्या, "आणि सुई माझीच होती. ती मी तुम्हाला द्यायलाच नको होती." त्यांना असे वाटावे, ह्याचेच आम्हाला अधिक वाईट वाटले. काळी पातेली त्या रविवारी दुपारी आम्ही स्वतः घासली. चार पातेली, एक कढई आणि एक तवा. खरकटी राख, लिंबाच्या साली आणि तारेची घासणी घेऊन दोन तास लागले आणि तव्याची कड तरी काळीच राहिली. अशी भांडी मावशींनी पाच महिने रोज घासली होती.

संत बेनेडिक्ट ह्यांनी सहाव्या शतकात मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ३१ व्या प्रकरणात त्यांनी कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या बंधूला सांगितले आहे की, मठातील साऱ्या भांड्याकुंड्यांकडे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे पाहावे. सेमिनरीत हे वाचताना आम्हाला त्यात काव्य दिसले होते. त्याच प्रकरणात आणखी एक सूचना आहे, ती आमच्या लक्षात राहिली नव्हती. देण्यासारखे काही नसेल, तेव्हा निदान चांगला शब्द द्यावा. ऑक्टोबरच्या बैठकीत तो आमच्याजवळ होता आणि आम्ही तो दिला नाही.

पेत्राने शब्द फिरवला तो कोळशाच्या शेकोटीपाशी. योहानाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात त्या शेकोटीसाठी जो ग्रीक शब्द आला आहे, तो साऱ्या नव्या करारात आणखी एकदाच येतो, एकविसाव्या अध्यायात, जेथे पुनरुत्थित प्रभू समुद्रकिनारी कोळसे पेटवून, त्यांवर मासळी ठेवून शिष्यांची वाट पाहतो. न्याहारी झाल्यावर तो पेत्राला तीन वेळा एकच प्रश्न विचारतो. आमच्या प्राध्यापकांनी हे दोन विस्तव जुळवून दाखवले, तेव्हा आम्ही ते वहीत टिपून घेतले होते. ती वही अजून कपाटात आहे.

अर्थसमितीची पुढची बैठक जानेवारी २०२५ मध्ये झाली. आम्ही जेटची सारी हकिकत सांगितली. चष्मेवाले सदस्य म्हणाले, "अहो फादर, बाईंवर कोणी आरोप कुठे केला होता? इतिवृत्तात तसे काही नाही." ते खरे होते. आम्ही म्हणालो, "म्हणूनच आजच्या इतिवृत्तात लिहा." बरीच कुजबुज झाली. अखेर लिहिले गेले की, गॅसच्या वाढत्या खर्चाचे कारण शेगडीतील बिघाड होते, तो बिघाड प्रमुख धर्मगुरूंच्या हातून झाला होता आणि स्वयंपाकघरातील सेविकेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. नावाबद्दल नावानेच भरपाई करावी लागते, असे नीतिशास्त्राच्या वर्गात शिकलो होतो. ती इतकी उशिरा करावी, असे मात्र कोणी शिकवले नव्हते.

त्या वर्षापासून आम्ही घरांना आशीर्वाद देताना पडद्यापलीकडे जातो. एका घरी दोन्ही बर्नर हातभर पिवळे उसळत होते. ते कुटुंब नुकतेच दुसऱ्या वसाहतीतून आले होते. नाशिकच्या काही वसाहतींत आता पाइपने नैसर्गिक वायू येतो, तशी ती वसाहत होती. पाइपच्या वायूला मोठ्या भोकाचा जेट लागतो. तीच शेगडी त्यांनी नव्या घरी सिलिंडरला जोडली होती. आम्ही ती तेव्हाच बंद करावयास लावली आणि सातपूरच्या त्या मुलाला निरोप दिला. दुसऱ्या एका घरी सासूबाई म्हणाल्या, "सुनेला गॅस पुरवता येत नाही, वीस दिवसांत टाकी संपवते." सून मान खाली घालून उभी होती. आम्ही शेगडी पेटवून दाखवण्यास सांगितले. ज्योत पिवळी होती. आम्ही सासूबाईंना आमची सुईची गोष्ट सांगितली, अगदी डब्यापर्यंत. त्यानंतर त्या घरी काय झाले, ते आम्हाला ठाऊक नाही.

आमच्या सिलिंडरवर खडूची तारीख अजूनही असते. आता ती मावशी लिहितात. ३ जानेवारीला लावलेला सिलिंडर ८ फेब्रुवारीला संपला. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेनिमित्त त्या आठवड्यात आमच्याकडे सात पाहुणे जेवून गेले होते. मावशींनी बोटांवर दिवस मोजले, कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "छत्तीस. लिहून ठेवा, फादर." आणि मग तीन वाजले होते म्हणून, की आणखी कशासाठी, हे आम्ही विचारले नाही, त्यांनी नवा सिलिंडर लावला आणि चहाचे आधण ठेवले.